पावती फाडताना व्हिसा कुणी विचारत नाही

(युवा अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आजचा विषय ऐकून काहींच्या कपाळावर आठ्या पडल्यात, हे मला इथून दिसतंय. अमेरिकेत कागदपत्रांशिवाय राहणारे लोक तिथल्या राज्यांना कर देतात की नाही, याच्याशी आपलं काय देणंघेणं? देणंघेणं एका वाक्यापुरतं आहे. "हे लोक फुकट खातात आणि कर आम्ही भरतो." हे वाक्य जगातल्या प्रत्येक भाषेत आहे. मराठीतही आहे आणि ते कोणाकोणाला उद्देशून म्हटलं जातं हे तुम्हाला सांगायला नको. हे वाक्य खरं की खोटं हे तपासायचं असेल तर अमेरिकेसारखी दुसरी जागा नाही. तिथे या प्रश्नाची आकडेमोड गेली अनेक वर्षं चाललीय. स्थलांतरितांच्या बाजूच्यांनी केलीय, विरोधकांनी केलीय आणि सरकारनेही केलीय. वह्या उघड्या आहेत, आपण फक्त वाचायच्या.

आधी शब्दाचं बघू. आपल्या वर्तमानपत्रांत "घुसखोर" छापून येतं. मी "बिनकागदाचे" म्हणणार आहे, कारण यातले कितीतरी लोक कुठलीही भिंत ओलांडून आलेले नाहीत. रीतसर व्हिसा घेऊन विमानाने उतरले, मुदत संपली आणि राहिले. त्यांत भारतीयही आहेत. किती, यावर वाद आहे. प्यू या संशोधन संस्थेचा २०२२ सालचा अंदाज सव्वासात लाख होता, अमेरिकी सरकारचा अंदाज त्याहून बराच कमी. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमृतसरला अमेरिकेचं लष्करी विमान उतरलं, त्यात परत पाठवलेले १०४ भारतीय होते. बहुतेक गुजरात, हरियाणा आणि पंजाबचे. तिघं महाराष्ट्राचे होते. तेव्हा "घुसखोर" हा शब्द आपल्या तोंडी येतो तेव्हा तो कुणाच्या घरापर्यंत पोचतो, तेही बघत जा.

आता कर. कर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आयकर येतो, फॉर्म, पॅन कार्ड, सीए. पण सामान्य माणूस सगळ्यात जास्त वेळा कर देतो तो दुकानात. साबण घेतलात की जीएसटी दिलात, दुकानदार तुम्हाला आधार कार्ड मागत नाही. अमेरिकेतही तसंच. टेक्सास राज्यात विक्रीकर सव्वासहा टक्के, त्यावर शहर वगैरेंचा मिळून दोन टक्क्यांपर्यंत. ह्यूस्टनमध्ये छपरं घालणारा मजूर शंभर डॉलरचे बूट घेतो तेव्हा सव्वाआठ डॉलर कर देतो. पावती फाडताना व्हिसा कुणी विचारत नाही. आणि टेक्सासमध्ये राज्याचा आयकरच नाही! म्हणजे तिथल्या लखपती माणसालाही राज्याच्या तिजोरीत भर घालायला दुकान आणि घर हेच मोठे रस्ते आहेत.

घराचं काय? मजूर भाड्याने राहतो, घरपट्टी मालक भरतो. पण मालक ती खिशातून भरत नाही, भाड्यात धरतो. आपल्याकडच्या चाळीतही हेच होतं. आणि अमेरिकेत स्थानिक सरकारी शाळा मोठ्या प्रमाणात या घरपट्टीवर चालतात, हे लक्षात ठेवा. ते पुढे लागणार आहे.

तिसरा रस्ता पगाराचा, आणि हा जरा विचित्र आहे. १९८६ साली तिथे कायदा झाला की मालकाने कामगाराची कागदपत्रं तपासल्याशिवाय कामावर घ्यायचं नाही. झालं काय, की कामगार खोटा किंवा दुसऱ्याचा सोशल सिक्युरिटी नंबर देऊ लागले. मालकाने कागद बघितल्यासारखं केलं आणि कामावर घेतलं. दर पगारातून ६.२ टक्के निवृत्तिवेतनासाठी आणि १.४५ टक्के म्हाताऱ्यांच्या आरोग्यविम्यासाठी कापले जातात, मालक तेवढेच वर घालतो. पैसे वॉशिंग्टनला जातात. तिथे नाव आणि नंबर जुळत नाहीत, मग त्या कमाईची नोंद एका वेगळ्या खात्यात टाकली जाते. जुळेल तेव्हा जुळेल. पैसा मात्र निधीत जमा झालेला असतो. दुसऱ्याचा नंबर वापरणं हा गुन्हा आहे, आणि ज्याचा नंबर वापरला त्या बिचाऱ्याला कधीकधी वर्षानुवर्षं निस्तरावं लागतं. ते झाकून मी पुढे जाणार नाही. पण त्या निधीचा हिशेब कोण सांगतं ते ऐका. सोशल सिक्युरिटीच्या मुख्य गणिततज्ज्ञाने, स्टीफन गॉस यांनी, २०१३ मध्ये एक टिपण काढलं. २०१० या एका वर्षात बिनकागदाच्या कामगारांमुळे निधीत सुमारे १२ अब्ज डॉलरची निव्वळ भर पडली. १३ अब्ज आले, १ अब्ज गेले. एक अब्ज म्हणजे शंभर कोटी. आणि हे कसे कामगार? ज्यांना म्हातारपणी या निधीतून बहुधा एक डॉलरही मिळणार नाही असे. अमेरिकेच्या म्हाताऱ्यांचं पेन्शन काही अंशी हे लोक देताहेत.

त्याच टिपणात दुसरी बाजूही आहे. त्या वर्षीच्या अंदाजे ७० लाख बिनकागदाच्या कामगारांपैकी निम्म्याहून जास्त लोक रोखीत काम करत होते, त्यांच्या पगारातून काहीच कापलं जात नव्हतं. कुणी म्हणालं की "सगळे बिनकागदाचे सगळे कर भरतात", तर ते चूक आहे.

चौथा रस्ता मला सगळ्यात जास्त विचार करायला लावतो. १९९६ साली तिथल्या आयकर खात्याने एक नंबर काढला. ज्यांना सोशल सिक्युरिटी नंबर मिळू शकत नाही पण कर भरायचाय, त्यांच्यासाठी. नऊ आकडी, सुरुवात नेहमी ९ ने. त्याने नोकरीचा परवाना मिळत नाही, राहण्याचा हक्क मिळत नाही. फक्त कर भरता येतो! आणि लाखो लोक दरवर्षी तो नंबर घालून विवरणपत्र भरतात. ज्या सरकारपासून लपून राहायचं, त्याच सरकारला आपलं नाव, पत्ता, उत्पन्न लिहून कळवायचं. का बरं?

भीती आहे तशी आशाही आहे, म्हणून. १९८६ च्या त्याच कायद्याने सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर केलं होतं. त्यानंतर प्रत्येक नव्या चर्चेत एक अट येत राहिली: आधी थकलेला कर भरा. २०१३ मध्ये सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर केलेल्या विधेयकात ती होती. विधेयक पुढच्या सभागृहात मतदानालाच आलं नाही. पण लोकांनी धडा घेतला, की कधीतरी दार उघडलं तर हातात पावत्या असाव्यात. आपल्या झोपडपट्ट्यांत वीजबिलं, रेशनकार्डं, घरपट्टीच्या जुन्या पावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवणाऱ्या आयाबाया तुम्ही पाहिल्यात. तोच हा प्रकार.

या सगळ्याची बेरीज किती? आयटीईपी नावाची करांचा अभ्यास करणारी संस्था आहे. डावीकडे झुकलेली मानली जाते, हेही सांगून ठेवते. तिचा जुलै २०२४ चा अहवाल म्हणतो की २०२२ मध्ये बिनकागदाच्या स्थलांतरितांनी ९६.७ अब्ज डॉलर कर दिला. दर माणशी ८,८८९ डॉलर. पैकी ५९.४ अब्ज केंद्राला, ३७.३ अब्ज राज्यं आणि स्थानिक संस्थांना. कॅलिफोर्नियाला साडेआठ अब्ज, टेक्सासला ४.९, न्यूयॉर्कला ३.१, मग फ्लोरिडा, इलिनॉय, न्यू जर्सी. राज्यांना मिळणाऱ्या पैशात जवळपास निम्मा वाटा दुकानात दिलेल्या कराचा. आणखी एक गोष्ट: ४० राज्यांत हे लोक आपल्या उत्पन्नाच्या तुलनेत राज्य आणि स्थानिक करांत जेवढे टक्के देतात, तेवढे तिथले सर्वांत श्रीमंत एक टक्का लोकही देत नाहीत. यात जादू नाही. गरीब माणूस सगळी कमाई खर्च करतो, म्हणून सगळ्या कमाईवर विक्रीकर बसतो. श्रीमंत साठवतो, साठवलेल्यावर विक्रीकर नाही.

इथे थांबून टाळ्या वाजवल्या असत्या तर भाषण छान झालं असतं. पण दुसऱ्या बाजूची वहीही उघडायला हवी.

स्थलांतर कमी करा म्हणणारी फेअर नावाची संस्था आहे. तिचा २०२३ चा हिशेब: कर मिळतो सुमारे ३१ अब्ज, खर्च होतो १८२ अब्ज, म्हणजे दरवर्षी दीडशे अब्जांचा खड्डा. एवढी तफावत कशी? एक कारण म्हणजे मुलं. फेअरच्या खर्चात अमेरिकेत जन्मलेल्या, म्हणजे अमेरिकेचे नागरिक असलेल्या मुलांचाही खर्च धरला आहे, आईबाप बिनकागदाचे म्हणून. ती मुलं मोठी होऊन कर भरतील, ते मात्र या वहीत येत नाही. शाळेची फी आज मोजायची, पगार उद्याचा म्हणून सोडून द्यायचा. असा हिशेब मांडला तर तुमच्या-माझ्यासकट कुठलंही मूल तोट्यातच निघेल.

तरी खर्च खरा आहे, हेही तितकंच खरं. त्यासाठी मला टेक्सासचा एक जुना अहवाल सगळ्यात प्रामाणिक वाटतो. २००६ साली राज्याच्या वित्तप्रमुख कॅरोल कीटन स्ट्रेहॉर्न यांनी तो काढला. त्या रिपब्लिकन म्हणून निवडून आलेल्या, तेव्हा स्थलांतरितांची बाजू घेतल्याचा आरोप करायला जागा नाही. त्यांनी २००५ सालासाठी मांडलं, की राज्यात अंदाजे १४ लाख बिनकागदाचे लोक आहेत, ते नसते तर राज्याचं उत्पादन १७.७ अब्ज डॉलरने कमी झालं असतं. राज्याच्या तिजोरीत त्यांच्याकडून १.५८ अब्ज आले, राज्याने त्यांच्यावर १.१६ अब्ज खर्च केले. राज्य फायद्यात. पण खालच्या स्थानिक संस्था आणि रुग्णालयांवर १.४४ अब्जांचा बोजा पडला, बिलं न भरलेले उपचार आणि पोलिस-तुरुंग यांचा. त्यांना मिळालेला कर त्या मानाने फार थोडा.

माझ्या मते सगळा वाद या एका अहवालात आहे. एकत्र कुटुंबात कमावत्याचा पगार मोठ्या भावाच्या गल्ल्यात जातो आणि जेवण धाकट्याच्या चुलीवर शिजतं, तसं हे चाललंय. मोठा भाऊ वॉशिंग्टन. पेन्शनचा आणि आयकराचा पैसा त्याच्याकडे. मधला भाऊ राज्य, त्याला दुकानांतला कर. धाकटा म्हणजे काउंटी आणि शाळा, आणि १९८६ च्या आणखी एका कायद्याने रुग्णालयाला बंधन घातलंय, की दारात आलेल्या तातडीच्या रोग्याला तपासल्याशिवाय परत पाठवायचं नाही. मग धाकट्याची बायको चिडून म्हणते, हा माणूस फुकट खातो. तिचं म्हणणं तिच्या चुलीपुरतं खोटं नाही. पण तो माणूस फुकट खात नाही. त्याने दिलेला पैसा भलत्याच गल्ल्यात पडलाय.

अमेरिकी संसदेच्या अंदाजपत्रक कार्यालयाची आकडेवारी हेच सांगते. २००७ मध्ये त्यांनी म्हटलं, की राज्यं आणि स्थानिक संस्था यांच्या पातळीवर हे लोक देतात त्यापेक्षा त्यांच्यावरचा खर्च जास्त आहे, पण एकूण खर्चात तो वाटा लहान आहे. २०२४ मध्ये त्याच कार्यालयाने हिशेब मांडला, की अलीकडे स्थलांतरितांची जी लाट आली तिच्यामुळे दहा वर्षांत केंद्राची तूट ०.९ लाख कोटी डॉलरने कमी होईल. आणि जून २०२५ मध्ये, त्याच लाटेबद्दल: २०२३ या वर्षात राज्यं आणि स्थानिक संस्थांना १०.१ अब्ज मिळाले आणि १९.३ अब्ज खर्च झाले, मुख्यतः शाळा आणि निवारा यांवर. वरच्या घरात दिवाळी, खालच्या घरात उधारी. कॅलिफोर्नियाने मोठ्या मनाने जानेवारी २०२४ पासून सगळ्या वयाच्या गरीब बिनकागदाच्या लोकांना राज्याची आरोग्य योजना उघडली. खर्च अंदाजापेक्षा खूप वाढला, आणि २०२६ पासून नव्या प्रौढांची नोंदणी थांबवायचं ठरलं. दोष लोकांचा की वाटणीचा, ते तुम्ही ठरवा. मला विचाराल तर वाटणीचा.

आता मला थोडं आपल्या लोकांशी बोलायचंय.

"ते कर भरतात, म्हणून त्यांना राहू द्या" हा युक्तिवाद सोपा आहे, आणि आपल्यातले चांगले कार्यकर्तेही तो करतात. मला तो धोक्याचा वाटतो. उद्या कुणी दाखवलं की अमुक माणूस कर भरत नाही, तो आजारी आहे, ती म्हातारी आहे, तो सहा वर्षांचा आहे, मग? १९७५ साली टेक्सासने कायदा केला होता की बिनकागदाच्या मुलांच्या शिक्षणाला राज्य पैसे देणार नाही. टायलर नावाच्या गावाच्या शाळांनी अशा मुलांकडून वर्षाला हजार डॉलर मागितले. चार कुटुंबं कोर्टात गेली. १९७७ मध्ये न्यायाधीशांनी पहिली सुनावणी पहाटे सहाला ठेवली, गवगवा होऊ नये म्हणून. आईबाप गाडीत सामान भरून आले होते, कोर्टातूनच हद्दपार केलं तर तयारी असावी म्हणून. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९८२ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी मुलं जिंकली. तिथे निकाल आईबापांच्या पावत्या मोजून झाला नाही. राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीत "नागरिक" नव्हे, "कोणतीही व्यक्ती" असा शब्द आहे, आणि ही मुलं व्यक्ती आहेत, हा त्याचा पाया होता.

आपल्या घटनेचं कलम १४ उघडून बघा. तिथेही "व्यक्ती" आहे. कलम २१ मध्येही. काही कलमं नागरिकांपुरती आहेत, ही दोन नाहीत. जून २०२५ मध्ये मीरा-भाईंदर भागातून पकडलेल्या काही बंगाली मजुरांना बांगलादेशच्या हद्दीत ढकललं गेलं आणि ते भारतीय असल्याचं पश्चिम बंगालमधून दाखवून दिल्यावर परत आणावं लागलं. तेव्हा मला दोन्हीकडून एकच प्रश्न ऐकू आला, ते इथे कमावून इथे काय देतात? आकडे विचारणाऱ्याला आकडे द्या, मी अर्धा तास तेच करतेय. पण जो माणूस ढकलला जातोय त्याच्या हातात आधी सुनावणी द्या, मग जीएसटी मोजू.

अमेरिकेत मोजणीच आता अवघड होत चाललीय, ते सांगून मी थांबते. निक्सन यांच्या काळात करखात्याचा विरोधकांना छळायला वापर झाला, त्यानंतर १९७६ मध्ये कायदा झाला की करदात्याची माहिती करखात्यानेच सांभाळायची, ठरावीक अपवाद सोडून बाहेर द्यायची नाही. याच भरवशावर बिनकागदाचे लोक ९ ने सुरू होणारा नंबर घालून खरा पत्ता लिहायचे. ७ एप्रिल २०२५ रोजी अर्थखातं आणि गृहसुरक्षा खातं यांच्यात करार झाला, हद्दपारीच्या कामासाठी पत्ते देण्याचा. करखात्याच्या हंगामी प्रमुखांनी पद सोडलं. प्रकरण कोर्टांत गेलं आणि तिथे लढाई चालू आहे.

तिथे विवरणपत्राची शेवटची तारीख १५ एप्रिल असते. इतकी वर्षं सल्लागार एकच सांगत: भरा, पुढेमागे उपयोगी पडेल. आता ते सांगतात, आधी वकिलाला विचारून या. मजूर फॉर्म घडी घालून खिशात ठेवतो आणि घरी जातो. जो केंद्राचा आणि राज्याचा आयकर त्याने या वर्षी भरला असता तो कदाचित येणार नाही. वाटेत मुलीसाठी वह्या आणि टेप घेतो, त्यावरचा सव्वाआठ टक्के मात्र कापला जातो.

आता तुमचे प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतून सुरुवात करू या, तिथे मघापासून दोन हात वर आहेत.